नारूच्या काचा आणि माझा पाय

बैलगाडीत बसताना कंदिलाच्या चपराशाने होता नव्हता तेवढा कडबा पेटीखाली सारला आणि मला उघडी फळी दाखवली. मी त्याच्याकडे नुसते पाहिले.

"असे काय पाह्यता मास्तर?" तो म्हणाला. "मशीन सरकारी हाये. पाय तुमचा खाजगी हाये."

कचेरीच्या दृष्टीने त्याचे बरोबर होते. पेटीतली एखादी काच तडकली असती तर त्याला जबाब द्यावा लागला असता. माझ्या पायाबद्दल कोणी कोणाला जबाब मागणार नव्हते.

पेटीत मॅजिक लँटर्न होता. लोक त्याला जादूचा कंदील म्हणत, चपराशी मशीन म्हणे आणि कचेरीच्या पत्रांत त्याचे नाव 'दृश्य शिक्षणाचे साधन' असे होते. एक पितळी नळकांडे, त्याच्या मागे कार्बाइडचा दिवा आणि बनातीच्या खणांत उभ्या ठेवलेल्या रंगीत काचा. काच दिव्यापुढे सरकवली की समोर ताणलेल्या धोतरावर चित्र उमटायचे. ते गावोगावच्या शाळांतून दाखवायचे आणि शेजारी उभे राहून छापील व्याख्यान वाचायचे, हे काम माझ्याकडे होते. माझी निवड विद्वत्तेमुळे झाली नव्हती. माझा आवाज मोठा होता.

काचांचे दोन संच होते. पहिला अंकगणिताचा. त्यात अपूर्णांक शिकवण्यासाठी एक सफरचंद होते. ते आधी अख्खे यायचे, मग अर्धे, मग पाव. आमच्या भागात सफरचंद कोणी पाहिलेले नव्हते. मीही ते फक्त त्या काचेवरच पाहिले होते. पावकी, निमकी, पाऊणकी घडाघडा म्हणणारी पोरे पडद्याकडे बघून गप्प होत, कारण हे लाल वांगे कोणाचे आणि ते का कापताहेत, याच विचारात ती गुंतलेली असत. दुसरा संच आरोग्याचा आणि त्यात निम्म्या काचा नारूच्या होत्या.

नारू म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगावे लागेल. ते त्याचे भाग्य. पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरतात, पाण्यात पाय ठेवून घागर बुडवतात. एखाद्याच्या पायाला नारूचा फोड असला की त्यातून नारूची पिल्ले पाण्यात पडतात. ते पाणी न गाळता जो पितो, त्याच्या अंगात पुढच्या वर्षी हातदोनहात लांबीचा, सुतासारखा किडा तयार होतो आणि कातडी फोडून बाहेर येऊ लागतो, बहुधा पायातून. तो एकदम ओढता येत नाही. त्याचे टोक काडीला बांधायचे आणि रोज तो आपण होऊन जेवढा सुटेल तेवढाच काडीवर गुंडाळायचा. उपाय एवढाच. व्याख्यानाच्या शेवटच्या काचेवर एक हसरा, स्वच्छ कपड्यांतला शेतकरी अशी काडी फिरवताना दाखवला होता. नारू असलेला माणूस हसताना मी फक्त तिथेच पाहिला.

त्या चैत्रात माझ्या उजव्या घोट्याशी तशीच काडी बांधलेली होती. आदल्या वर्षीच्या दौऱ्यात गाळून पिण्याचा उपदेश करून झाल्यावर एका यजमानाने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या केला होता. ज्याच्या ओट्यावर बसायचे त्याच्याच तांब्यावर फडके धरायचे म्हणजे त्याच्या घराला नावे ठेवण्यासारखे. मी प्यालो. एका गावात नसेल तर दुसऱ्या गावात प्यालो असेन.

बायको रोज सकाळी कोमट पाण्याने पाय शेकून काडी फिरवायची. तिचा हात हलका होता, जीभ तेवढी नव्हती. "एवढ्या गावांना शहाणं करून आलात," ती म्हणायची, "घरी येताना थोडं शहाणपण उरलं नाही का हो?" दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र गमतीला जागा ठेवली नाही. "निम्मा बाहेर आलाय. चालू नका, ताण देऊ नका. आत तुटला तर पू होईल आणि हा सांधा धरेल. मग पाय दिसेल पायासारखा, पण वाकणार नाही."

मी रजा मागितली. कचेरीतल्या साहेबांनी माझ्या घोट्याकडे पाहिले आणि भिंतीकडे तोंड केले.

"अहो, नारूवर बोलणारा माणूस नारूनं आजारी? वर काय कळवू मी? लोक हसतील." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "एवढा एक कार्यक्रम करा. रावसाहेब अध्यक्ष आहेत. मग खुशाल झोपा."

रावसाहेब मानोऱ्याकडच्या बाजूचे मोठे जमीनदार आणि मानद मॅजिस्ट्रेट होते. रावसाहेब ही पदवी त्यांना नुकतीच मिळाली होती आणि तिच्या पुढची पायरी त्यांना दिसू लागली होती. त्यामुळे त्या भागात शाळेची घंटा टांगायची असली तरी ते अध्यक्ष असत. कार्यक्रमाच्या गावच्या विहिरीच्या पायऱ्या बुजवून वर कठडा आणि रहाट बसवून देण्याचे त्यांच्या मनात आहे, असे कचेरीच्या मनात होते.

म्हणून मी मंगरुळापर्यंत सर्व्हिस मोटारीने आणि पुढे त्या फळीवर बसून गेलो. गावाचे नाव सांगत नाही. त्या गावाने माझे काही वाईट केले नाही.

दुपारी शाळेत पोचलो. शाळा म्हणजे एक खोली, पुढे पडवी आणि निंबाचे झाड. शाळेत पाणी भरणारी एक म्हातारी पडवीत पाय पसरून बसली होती. तिच्या पोटरीला चिंधी आणि चिंधीत काडी होती. मला लंगडताना पाहून तिचा चेहरा उजळला.

"काहून जी मास्तर, तुमच्या इथं बी पाव्हना आला काय?"

"नाही आजी," मी म्हणालो, "मी आणि चपराशी, दोघेच आलोत."

तिने कपाळावर हात मारून घेतला. "अरे बाप्पा, थो नाही! पायातला पाव्हना!"

"हां, नारू होय? तो तर..."

"नाव नोको घेऊ!" म्हातारी अशी ओरडली की झाडाखालचे बैल उठले. तिने आपल्या काडीवर हात झाकून धरला. "बाहीर निंगून राह्यला थो. नाव आयकलं का लाजते. आंदर घुसते, अन् मंग तुटते. एवढं शिकून तुमाले मालूम नाही?"

मला मालूम नव्हते. त्या गावात तो अंगात असेपर्यंत नारू असे आणि त्याचे टोक बाहेर दिसले की पाहुणा होई. पाहुण्याला नावाने हाक मारायची नाही.

"आजी, या पायानं विहिरीत उतरता तुम्ही?"

"मंग काय पानी वर येईन?" ती म्हणाली. "अन् गार पान्यात पाय ठेवला का बरं वाटते. तुमी बी ठेवून पाहा."

माझे सगळे व्याख्यान तिच्या त्या एका वाक्यापाशी संपत होते. मी बोलायला तोंड उघडले, तर तीच म्हणाली, "आजच्या खेळात तुमी थेच नाव घेनार म्हने. हेडमास्तर सांगून राह्यले व्हते. मंग आमी नाही येत. ज्याच्या ज्याच्या इथं पाव्हना हाय, थ्याच्यातलं कोनीच नाही येत."

म्हणजे ज्यांच्यासाठी काचा आणल्या ते घरी बसणार आणि ज्यांचे पाय धड आहेत ते येऊन सफरचंद पाहणार. मी पायाखाली दप्तर घेऊन पडवीत आडवा झालो. शब्दासाठी अडून बसावे एवढी माया मला त्या शब्दाची नव्हती.

"बोला ना पाव्हना," चपराशी काचा पुसत म्हणाला. "मशीनले काय फरक पडते?"

दिवेलागणीला पटांगण भरले. म्हातारीने गावभर सांगितले असावे, कारण काड्यावाले सगळे आले होते. कोणी खांद्यावरून आलेले, कोणी कुबडीवर, आणि सगळ्यांनी पाय पुढे लांब करून बसायला जागा मागितलेली. एवढे पाय समोर आणि त्यांच्यापुढे मी. मला घरी आल्यासारखे वाटले.

रावसाहेब उशिरा आले. दमणीच्या बैलांच्या गळ्यातली घुंगरे ऐकू येताच हेडमास्तरांनी सगळ्यांना उभे केले; ज्यांना उभे राहता येत नव्हते त्यांनाही. पोरांनी स्वागताचे पद म्हटले. ते मुळात कोणा दुसऱ्या साहेबांसाठी रचलेले होते; त्यांच्या नावाच्या जागी 'रावसाहेब' बसवल्यामुळे दर कडव्याला चाल अडखळत होती. पाटलाच्या घरची सागवानी खुर्ची माझ्या टेबलाला लागूनच ठेवली होती. रावसाहेब तिच्यात बसले. हेडमास्तरांनी प्रास्ताविक केले आणि त्यात 'आजचे सन्माननीय पाहुणे' इतक्यांदा म्हटले की मी मनातल्या मनात कण्हलो. पण तेव्हा माझा शब्द बदलायला वेळ नव्हता. अध्यक्षांसमोर बसून बोलणे बरे दिसत नाही म्हणून मी डाव्या पायावर उभा होतो आणि उजवा टेबलाच्या आडोशाला लांब ठेवला होता.

सफरचंद आले आणि कापून गेले. "हे तं आमच्याइथं बिनकापलेलं बी नाही," मागून कोणी म्हणाले. रावसाहेबांचे डोळे मिटले. मग मी नारूच्या काचा सुरू केल्या.

"पाहुणा दिसायला गरीब असतो," मी वाचू लागलो, "पण एकदा आला की माणसाला महिनाभर कामधंद्यातून उठवतो."

पटांगणात माना हलल्या. माझ्या कोणत्याही व्याख्यानात अशा माना हलल्या नव्हत्या.

"खरं हाय बापू!"

"पाहुणा येतो तो पाण्यातून. म्हणून पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यावे, म्हणजे पाहुणा घरात शिरणार नाही. आलाच, तर त्याच्यावर जोर करू नये. दोरा बांधून त्याला काडीवर घ्यावे आणि रोज थोडाथोडा बाहेर काढावा."

"जावयासारखा!" आमची म्हातारी ओरडली आणि बायकांच्या बाजूने हशा उठला. दुसरी म्हणाली, "जावई कुठं निंगते वं थोडा थोडा? थो तं बसूनच राह्यते!"

लोक हसत होते आणि ऐकतही होते. माझा थकवा थोडा कमी झाला. पुढची ओळ मी नीट, मोठ्याने वाचली. "पाहुणा अर्धवट आत राहिला तर कुजतो आणि सगळ्या घराला त्रास होतो."

रावसाहेब हशानेच जागे झाले होते. त्यांनी हे वाक्य पूर्ण ऐकले. हातातली काठी त्यांनी जमिनीवर आपटली.

"थांबा. कोण पाहुणा?"

ओळीने पसरलेल्या पायांकडे माझी नजर गेली. तो शब्द मला उच्चारता येईना.

"रावसाहेब, आपण नव्हे," मी हळूच म्हणालो. "तो... पायातला."

"पायातला? मला पायातला म्हणता?"

पायातली असते ती वहाण, हे मला तेव्हा सुचायला हवे होते. चपराशी मदतीला धावला. "नाही साब, मास्तर तुमाले नाही म्हनत. किड्याले म्हनते. समद्याइले सारखंच म्हनते."

रावसाहेबांच्या मिशा थरथरल्या. आता एकच मार्ग होता. मी टेबलाच्या आडून पाय पुढे घेतला, खुर्चीजवळ ठेवला आणि धोतर गुडघ्यापर्यंत वर केले. चपराशाला काय वाटले कोण जाणे; त्याने काच काढली आणि कंदिलाचे तोंड माझ्या घोट्यावर फिरवले. सगळ्या काचांत मिळून कधी पडला नसेल असा स्वच्छ उजेड त्या एवढ्याशा जागेवर पडला. सुजलेला घोटा, बायकोने बांधलेली चिंधी, निंबाची काडी आणि काडीपासून कातडीपर्यंतचा तो पांढरा धागा, सगळे दिसत होते. मागचे लोक गुडघ्यांवर उठून पाहू लागले.

रावसाहेब वाकले. त्यांचा चेहरा मोकळा झाला, राग गेला आणि त्याच्या जागी शिकवण्याची हौस आली. रागापेक्षा ती वाईट.

"अरे, हा तर नारू! मग नारू म्हणा की सरळ! शिक्षकानं अंधश्रद्धेला भ्यावं? नारू! म्हणा सगळे माझ्याबरोबर, नारू!"

कोणी म्हटले नाही. म्हातारीने दोन्ही हात काडीवर दाबून धरले. एकाने कान झाकले. बायका उठायला लागल्या.

"बसा! नारू म्हणा! काय होतं बघू!"

आणि आपण अध्यक्ष आहोत, बसून दरडावणे शोभत नाही, असे वाटून ते ताडकन उभे राहिले. ते उठले म्हणून हेडमास्तर उठले, पाटील उठला आणि अख्खे पटांगण उठले. सागवानी खुर्ची मागे सरकली. तिचा पाय माझ्या काडीत अडकला.

फार दुखले नाही. गुंडी लावताना दोरा तुटावा तसे काहीतरी झाले. काडी खुर्चीबरोबर गेली आणि उजेडाच्या त्या वर्तुळात माझा नुसता घोटा राहिला. उरलेले टोक दिसतेय का म्हणून मी खाली वाकलो. ते आत गेले होते.

म्हातारी एवढेच म्हणाली, "तुटला."

ते तिच्या मागच्यांनी ऐकले, त्यांच्या मागच्यांनी ऐकले. मग हेडमास्तरांनी आभार मानले. हारतुरे झाले. रावसाहेब दमणीत बसताना मला म्हणाले की शब्दांना भिऊ नये आणि पायाला तेल लावावे.

चपराशी पेटी घेऊन दुसऱ्या सकाळी परत गेला. मला न्यायची सोय नव्हती, कारण सकाळपर्यंत ताप भरला होता आणि घोटा कलिंगडासारखा झाला होता. मी त्या शाळेच्या खोलीतच पडून राहिलो. पोरांची शाळा निंबाखाली भरू लागली. निरोप मिळाल्यावर बायको आली. तिने पाय पाहिला, काही बोलली नाही आणि बाहेर जाऊन खूप वेळ भांडी घासत बसली. तिची जीभ थांबलेली मी त्या एकदाच पाहिली. मग पोटिसे सुरू झाली. पू झाला, फुटला, पुन्हा झाला.

गावाने या प्रकारातून शिकायचे ते शिकून घेतले. इतकी वर्षे नुसते ऐकून होते, आता सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, तेही सरकारी उजेडात. रावसाहेबांनी पाचदा नाव घेतले आणि मास्तरांचा पाहुणा तुटला. याहून स्वच्छ प्रयोग मी कोणत्याही पुस्तकात वाचलेला नाही. पुढे त्या गावात तो शब्द कुजबुजीतही कोणी उच्चारीनासे झाले. विहिरीच्या पायऱ्या होत्या तशाच राहिल्या. रावसाहेबांच्या मनात जे होते म्हणतात ते मनातच राहिले.

म्हातारी पाणी भरायला यायची तेव्हा दाराशी टेकायची. तिचा पाहुणा सबंध निघाला होता. हे सांगताना ती मला वाईट वाटू नये म्हणून तोंड पाडायची, पण आवाजातला आनंद लपत नसे. बायको तिने आणलेली घागर लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून ओतून घ्यायची.

"हे कायले वं मास्तरीनबाई?"

"आमच्यात गाळूनच पितात," बायको म्हणाली. "का ते विचारू नका. आमच्या ह्यांना ते सांगायची सवय होती आणि त्याचं काय झालं ते बघताय तुम्ही."

म्हातारी त्यावर मनापासून हसली. पुढे तिने पाणी गाळले की नाही, मला माहीत नाही. मी आत पडलो होतो आणि विहिरीकडे चालत जाणे आता माझ्या हातात नव्हते.

पाऊस पडायच्या आधी बैलगाडीत, या वेळी कडब्यावर, मला वाशीमला, घरी आणले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाऊल हातात धरून वर दाबले, खाली दाबले. ते हलले नाही. त्यांनी ते सावकाश खाली ठेवले, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसे.

"भार घेईल," ते म्हणाले. "वाकणार नाही."

"चालता येईल?" बायकोने विचारले.

"येईल की. सपाटीवर काही अडचण नाही."

डॉक्टर अकोल्याकडचे होते. तिकडे सपाटी आहे. आमच्या गल्लीला घरापासूनच उतार लागतो, पुढे नाला आणि नाल्यापलीकडे चढ. कचेरीने कंदील दुसऱ्या मोठ्या आवाजाच्या माणसाकडे दिला आणि मला गावातल्या शाळेत तिसरीचा वर्ग दिला. पहिल्या दिवशी मी घरून एरवीपेक्षा बराच आधी निघालो. उतारावर पाऊल पुढे टाकले की टाच टेकायच्या आत अंग पुढे जायचे, म्हणून मी आडवा होऊन, भिंतीला हात लावत उतरलो. नाल्यापाशी एका पाथरवटाने काम थांबवून विचारले, "मास्तर, काहून असे खेकड्यावानी?"

मी त्याला सांगायला थांबलो नाही. वर्ग भरायची वेळ झाली होती आणि चढ अजून बाकी होता.